बरकतची फुली

आमच्या घरात भाकरी मोजत नसत. आई चुलीपुढे बसून थापत जाई, भाजलेली भाकर टोपल्यात टाकत जाई, आणि टोपल्यावर फडकं असे. किती झाल्या, असं कोणी विचारलं तर ती "झाल्या" म्हणे. किती लागतील, असं विचारलं तर "पुरतीन". मी गणितात बरी होते. एकदा फडकं उचलून मोजायला बसले, तेव्हा तिनं पिठाच्या हातानंच माझं मनगट धरून बाजूला सारलं. रागावली नाही. "मोजलेलं सरते," एवढंच म्हणाली. न मोजलेलंही सरत होतं, हे मी रोज पाहत होते. पण ते मोजल्यामुळे सरलं नाही एवढा फरक होता, आणि आईच्या लेखी तो मोठा होता. शिरगणतीचे मास्तर आले तेव्हा त्यांनी तिला मुलं किती असं विचारलं. "आहेत," ती म्हणाली. "किती पण?" "आहेत ना देवाच्या दयेनं." मास्तरांनी ओट्याखालच्या चपला मोजल्या आणि मोठ्या काढून लहान तेवढ्या लिहिल्या. आम्ही भावंडं तीन होतो. त्यांच्या नोंदीत साडेतीनचे चार झाले, कारण धाकट्या भावाची चप्पल एका पायाचीच होती आणि शेजारचा एक मुलगा आत खेळत होता.

संग्रामपूर तालुक्यातलं, खारपाणपट्ट्यातलं गाव. वरवट बकालचा बाजार जवळ. गावात काही संपत नसे. दिवा विझत नसे, शांत होई. दुकान बंद होत नसे, वाढवलं जाई. बांगडी फुटत नसे, वाढे. डब्यातलं तेल खरवडून काढल्यावर तेल "वाढलं" म्हणत आणि डबा उपडा ठेवत. घरातून निघणारा माणूस "येतो" म्हणून जाई, आणि त्यातले काही सुरतेला गेलेले आले नाहीत. विहिरीचं पाणी मात्र खरोखरच सरत नसे. ते खारट होतं आणि कोणी पीत नव्हतं.

या सगळ्यात ज्या एका आकड्याचं नाव काढायचं नाही तो म्हणजे पहिला. ज्वारी मापताना पहिल्या पायलीला "बरकत" म्हणत, मग दोन, मग तीन. मापणारा प्रत्येक आकडा पुढची पायली भरेपर्यंत घोळवत राही: बरकत बरकत बरकत, दोन दोन दोन. चूक होऊ नये म्हणून ही युक्ती होती आणि चांगली होती. हा शब्द हिंदूंचा की मुसलमानांचा, हे त्या वेळी कोणी विचारत नसे. पुढे मी वर्तमानपत्रात कामाला लागले. तिथे पहिल्याच आठवड्यात डेस्कवरच्या वरिष्ठांनी सांगितलं की आकडा आधी तपासायचा, विशेषण नंतर. त्या वर्षांत आमच्या जिल्ह्यातून रोज आत्महत्यांचे आकडे येत. कापसाच्या गावांतून येत, आणि पुष्कळदा आकडा एकच असे. तो लिहिताना माझा हात कधी अडला नाही. पण बातमी मोठ्यानं वाचून दाखवायची वेळ आली की मी क्षणभर थांबत असे, आणि समोरच्याला वाटे मला अक्षर लागत नाही.

एक म्हणायचं नाही, हे मला आईपेक्षा शकीलाचाचीनं जास्त शिकवलं. शकीलाचाची आमच्या गल्लीच्या टोकाला राहायची. तिचं माहेर डोणगावचं. नवरा गाद्या भरायचा, तो गेल्यावर तिनं बायांची टोळी धरली. बारा बाया होत्या: पाच मुसलमानांच्या, बाकी आमच्याकडच्या. सरकी टोबायची, निंदायचं, कापूस वेचायचा. गावातल्या बहुतेक वावरांत सरकी हीच टोळी लावायची. ज्यानं लावणीला बोलावलं तो निंदणीलाही त्यांनाच बोलावी, आणि निंदणीवाल्यांनाच वेचणी मिळे. लावणीचे पंधरा दिवस गेले तर वर्ष गेलं, इतकं ते साधं होतं. चाची उंच होती, तंबाखू खायची, आणि कोणाशीही बोलताना ती त्या माणसाला नुकतंच काहीतरी समजावून थकली आहे असं वाटायचं.

"एक काऊन म्हनू नाई?" मी तिला विचारलं होतं. तेव्हा मी लहान होते.

"म्हनलं का तेवढंच राह्यते."

"कशावरून?"

"माह्या मामानं बकऱ्या मोजल्या. पयलीले तो शब्द म्हनला. दिवस बुडता तेवढीच बकरी राह्यली."

"बाकीच्या कुठं गेल्या?"

"इकल्या."

"मग त्या विकल्या म्हणून गेल्या."

"मोजल्या काऊन मंग?" चाची म्हणाली. "इकाच्या होत्या म्हनून मोजल्या. आता समजलं का नाई?"

मला समजलं नव्हतं. आजही त्यातली चूक नेमकी कुठे आहे ते बोट ठेवून सांगता येत नाही.

सरकी टोबायची रीत अशी. वावरात उभ्याआडव्या रेघा ओढायच्या. रेघ रेघेला छेदते तिथे फुली होते, त्या फुलीवर अंगठ्यानं खड्डा करून बी टाकायचं आणि पायाच्या चवड्यानं माती लोटायची. बारा बाया बारा तासांत, म्हणजे बारा ओळींत, एका रांगेत चालायच्या. कोणी पुढेमागे होऊ नये म्हणून गाणं होतं. त्याला गाणं म्हणणं जास्तच आहे. ते मोजणं होतं, आणि चाचीनं ते तिच्या सासूकडून घेतलं होतं:

बरकत बाई बरकत,
दोन चालल्या मुरकत,
तीन तिफण, चार चाडं,
पाच पोरी लावती झाडं,
सहा सुगी, सात सरी,
आठ म्हनता फिर घरी.

फिर घरी म्हणजे पुन्हा बरकतवर. आठ आकडे, आठ फुल्या. घरची सरकी होती तेव्हा प्रत्येक फुलीवर तीन बिया पडत. शेणात घोळलेली, राखेत सुकवलेली सरकी. तीन टाकल्या तर दोन उगवत, त्यातलं एक उपटून टाकत. चाची म्हणायची चालीत आणि बाकीच्या मागून उचलायच्या. पावसाळ्याच्या तोंडाला धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, तो आवाज यायचा तेव्हा शब्द कळत नसत, फक्त आठव्या आकड्यानंतरचा छोटा थांबा कळायचा. त्या थांब्यात बाया पाऊल टाकायच्या. दुपारी बोरीखाली फडकी सुटायची. चाचीच्या डब्यात वांग्याची भाजी असायची, आमच्याकडचं चून, म्हणजे पिठलं, आणि ठेचा, आणि कमलाबाई नावाची एक बाई सगळ्यांच्या फडक्यातला एकेक घास खाऊन मग स्वतःचं फडकं सोडायची. "चव पाह्यतो," म्हणायची. तिच्या फडक्यात रोज काय असतं ते कोणाला सांगता आलं नसतं. तोवर सगळ्यांचं जेवण झालेलं असे.

मी दहावी होऊन घरी बसले त्या वर्षी बाबांनी बीटीची सरकी आणली. गावात ती आधीच्या वर्षी दोघांनी लावली होती आणि त्यांच्या बोंडाला अळी लागली नव्हती. बाबा दहावी शिकलेले, रेडिओवरचा शेतीचा कार्यक्रम रोज ऐकणारे, घरातल्या न मोजण्याला ते अंधश्रद्धा म्हणत आणि न मोजलेल्या भाकरी खात. बाजारातून ते पाकिटं पिशवीत नव्हे, सदऱ्याच्या आत घालून घेऊन आले. प्रत्येक मोठ्या पाकिटाबरोबर एक बारकं पाकीट आलं होतं. दुकानदारानं सांगितलं होतं, ते साधं बी आहे, वाटलं तर कडेनं लावा, नाही तर राहू द्या. बाबांनी ती बारकी पाकिटं कोठीवर ठेवून दिली. मी ती उघडली नाहीत पण वाचली. बारीक अक्षरात मराठीत लिहिलं होतं की या बियाण्याला अळी लागेल, ती मुद्दाम लागू द्यायची, वावराच्या चारी कडांनी पाच ओळी. गावात कोणीही अळीसाठी पाच ओळी लावल्या नाहीत. आता कंपन्या साधं बी त्याच पाकिटात मिसळून देतात. विचारायचं कारण उरलं नाही.

लावणीच्या सकाळी बाबांनी धुऱ्यावर नारळ फोडला, चपला काढल्या आणि टोळीला सूचना दिली. "शकीलाबाई, या बियाचा दाणा म्हनजे दवाखान्यातली गोळी आहे. एका फुलीवर एक. दुसरा पडला नाई पाह्यजे."

"हाव भाऊ," चाची म्हणाली. "तुमी म्हनता तसंच."

"नाई तर सवय आहे तुमाले तीनाची."

"सवय कायची भाऊ. तुमी म्हनता तसंच."

त्या दिवशी टोळीतल्या एका बाईला ताप होता. तिच्या तासात मी उतरले. बाबांनी पाकिटं माझ्या ताब्यात दिली होती, कारण मला वाचता येत होतं. मी फोडून द्यायची, बाया पदराच्या झोळीत घ्यायच्या. चाचीनं सुरुवात केली. बरकत बाई बरकत. मी माझ्या फुलीवर एक बी ठेवलं आणि शेजारी पाहिलं. चाचीनं तीन टाकल्या होत्या. दुसऱ्या फुलीवर एक. तिसऱ्या फुलीवर एक. आठव्यापर्यंत एकेक. मग परत बरकत, परत तीन.

"चाची," मी म्हणाले. "एकेक सांगितलंय."

"मंग टाकून तर राह्यलो तसंच."

"पहिलीवर तीन टाकल्या."

"पयली कुठं वं? ते बरकत आहे," चाची म्हणाली, आणि मी रांग थांबवल्याबद्दल तिच्या पलीकडच्या कमलाबाईनं माझ्याकडे असं पाहिलं की मी खाली वाकले आणि माझ्या बरकतच्या फुलीवर आणखी दोन बिया टाकल्या. पुढच्या वेळी सुरुवातीलाच तीन टाकल्या. हे इथे नोंदवणं आवश्यक आहे, कारण पुढे जे झालं त्यात फसवणूक कोणी केली नाही. बाबांनी एक सांगितलं होतं. बायांनी जिथे एक म्हणता येत नव्हतं ती जागा सोडून सगळीकडे एकच टाकलं.

आठ फुल्यांना दहा बिया. दुसऱ्या दिवशी दुपारी मोठी पाकिटं वाढली, म्हणजे रिकामी झाली, तेव्हा नाल्याकडची पट्टी उघडी होती. वावराचा पाचवा हिस्सा असेल. बाबा खत आणायला वरवटला गेले होते.

"आता?" चाची म्हणाली. बाया कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"घरी बारकी पाकिटं आहेत," मी म्हणाले.

"ते कायची?"

"वरून दिलेली."

"वरून देल्लं म्हनजे बरकतचंच," चाची म्हणाली. "आन."

मी आणली. त्यात काय आहे हे फक्त मला माहीत होतं. तिथे बोलायला हवं होतं. पण बोलले असते तर बी कसं कमी पडलं हे बाबांना सांगावं लागलं असतं, आणि टोळी त्याच दिवशी वावराबाहेर गेली असती. बियांचा रंग तोच होता. नाल्याकाठच्या शेवटच्या फुलीवर बरोबर आठवा आकडा आला. संध्याकाळी बाबांनी विचारलं, झालं? मी म्हणाले, झालं. पुरलं? पुरलं. दोन्ही उत्तरं खरी होती.

उगवण चांगली झाली. बाबांना मधेमधे तीन-तीन रोपं एका जागी दिसली, त्यांनी उपटायला हात घातला आणि परत घेतला. त्या बियाचं रोप उपटून फेकणं कोणाला जमत नव्हतं. पोळा झाला. त्यानंतर नाल्याकडच्या पट्टीत बोंडांना भोकं दिसायला लागली. बाकीचं वावर स्वच्छ, आणि त्या पट्टीत अळी. अळी रेषेवर थांबली होती. गाव पाहायला आलं. "बीटीले लागली बे," म्हणत लोक बोंडं फोडून एकमेकांना दाखवत होते. बी बोगस आहे असं ठरलं. बाबांनी तालुक्याला तक्रार दिली, अर्ज मीच लिहिला, शुद्धलेखन निर्दोष होतं.

पाहणीला तिघं आले. एक वयस्कर साहेब होते, ते धुऱ्यावर बसले. एक तरुण अधिकारी होता, फूटपट्टीसारखा सरळ, त्याच्या हातात टेप आणि छापील फॉर्म होता. तिसरा कंपनीचा मुलगा होता, तो काही बोलत नव्हता. चाचीची टोळी बाजूच्या तुरीत निंदत होती. तरुण अधिकारी एका तासाच्या सुरुवातीला उभा राहिला आणि एका फुलीला एक धरून झाडांना हात लावत मोठ्यानं मोजायला लागला. "एक, दोन, तीन..."

तुरीतून चाची उभी राहिली. "साहेब, बरकत म्हना."

"काय?"

"पयल्या झाडाले बरकत म्हना. उभं पीक आहे."

"बाई, मला फॉर्म भरायचा आहे."

"फारम भरा ना. तोंडानं बरकत म्हना, हातानं काईही लिवा."

तरुण अधिकाऱ्यानं तिच्याकडे पाहिलं, मग झाडाकडे, आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागला. एक, दोन, तीन. चाची खाली बसली आणि बायांना म्हणाली, "आपन सांगतलं. आता त्याचं तो जाने."

पंचविसाव्या झाडाशी तो थांबला. मागे वळला. पहिल्या झाडाशी गेला, तिथून नवव्याशी, तिथून सतराव्याशी. "भाऊ," तो बाबांना म्हणाला, "या प्रत्येक ठिकाणी तीन-तीन झाडं आहेत. ही कुठली पद्धत?"

"पद्धत नाई साहेब. एकेकच टाकलं."

अधिकारी दुसऱ्या तासात गेला. तिथेही पहिलं, नववं, सतरावं. तिसऱ्या तासातही तेच. तो धुऱ्यावर चढला आणि तिथून पाहिलं. तेव्हा मीही पाहिलं. वावरभर आडव्या दाट पट्ट्या होत्या, सारख्या अंतरावर, आखल्यासारख्या. बारा बायांचं मोजणं तिथे छापून आलं होतं. इतके दिवस आम्ही त्या वावरात जात होतो आणि ते कोणाला दिसलं नव्हतं. परक्या माणसानं मोजलं म्हणून दिसलं.

कंपनीच्या मुलानं पहिल्यांदा तोंड उघडलं. "छोटी पाकिटं कुठं आहेत?"

"कोठीवर," बाबा म्हणाले. "निमे, जाय बरं, आन."

मी गेले नाही. "नाहीत ती," मी म्हणाले. "लावली. नाल्याकडच्या तासांत."

"कोनं?"

"मी आणून दिली."

मग सगळं सांगितलं. सांगायला फार वेळ लागला नाही. तरुण अधिकारी लिहायला लागला तेव्हा चाची तुरीतून चालत आली, विळा हातातच होता, आणि त्याच्यासमोर उभी राहिली. "पोट्टीचं नाव नका टाकू. बरकतले तीन म्या टाकाले लावले."

"पण यांनी एक टाका असं सांगितलं होतं ना?"

"हाव."

"मग?"

"मंग सात फुल्यायवर टाकलं ना तसंच. बरकत तसली असते का, साहेब?"

अधिकाऱ्यानं धुऱ्यावरच्या साहेबांकडे पाहिलं. धुऱ्यावरचे साहेब म्हणाले, "नसते." त्यांचं गाव मेहकरकडचं, म्हणजे चाचीच्या माहेराकडचं होतं, हे नंतर कळलं. पण फॉर्ममध्ये तो रकाना नव्हता. बियाणे सदोष नाही, लागवडीत चूक, असा शेरा लिहिला गेला आणि बाबांनी त्याखाली सही केली. शेरा अचूक होता. मी आयुष्यभर ज्या भाषेत काम केलं तिचा तो पहिला नमुना.

आठवड्याभरात आणखी चार वावरांतून तशाच पट्ट्या निघाल्या. तिथेही टोळीनंच लावलं होतं. तिथेही बी कमी पडलं होतं आणि लोकांनी वरून पाकिटं विकत आणली होती. दुकानदार वजनात मारतो, असं गावाचं तोवर ठाम मत होतं. ते मागे घ्यावं लागलं, आणि त्याबद्दल गाव चाचीवर जास्त चिडलं. बीचं नुकसान सोसता आलं असतं. दुकानदार प्रामाणिक निघाला, ते सोसायला जड गेलं.

"पुढच्या साली मॅटॅडोरवाल्यायले सांगतो," बाबा जेवताना म्हणाले. पलीकडच्या गावाचा एक मुकादम गाडीतून बाया आणायचा. "ते मुक्यानं लावतात. गाणं नाई, काई नाई."

आईनं टोपल्यात हात घालून त्यांच्या ताटात भाकर टाकली.

"नको," बाबा म्हणाले. "किती झाल्या?"

"झाल्या," आई म्हणाली.

वेचणीला टोळीला बोलावलं, कारण वेचणीला कोणालाही बोलावतात. बरकतच्या फुल्यांवर तीन झाडांना मिळून एका झाडाएवढी बोंडं होती, मी पाहिली. चाची माझ्याशी सरळ बोलत होती, तेच मला अवघड जात होतं.

"तुनं साहेबाले सांगतलं ते बेस केलं," ती एकदा म्हणाली. "पर मले काऊन नाई सांगतलं का ते बारकं बी अळीचं आहे?"

"सांगितलं असतं तर बरकतवर तीन टाकणं थांबवलं असतं?"

तिनं खरोखर विचार केला. "नाई," ती म्हणाली. "पर अळीच्या बियाले बरकतचं तरी नसतं म्हनलं."

पुढच्या वर्षी जमिनीची वखरणी झाली आणि मॅटॅडोरवाला मुकादम गावात येऊन चार घरी बोलून गेला. आमच्याकडे तो दुसऱ्या दिवशी येणार होता. त्याआधी सकाळी चाची आली. एकटीच आली, ओट्याच्या पायरीवर बसली. बाबा दात घासत होते.

"भाऊ, लावनी आमी करू. फुलीले जेवढं म्हनसान तेवढंच टाकू. बरकतलेबी तेवढंच."

"मांगच्या सालीबी हाव म्हनल्या होत्या."

"मांगच्या साली बरकत म्हनत होतो. औंदा म्हननार नाई. गाणंच नाई."

"मंग ठीक आहे."

"पर मुक्यानं रांग चालत नाई. बारा बाया पुढंमांगं होतात. कोनीतरी म्हनाले पाह्यजे."

"मंग म्हना की. एक, एक, एक. त्याले काय लागते?"

"आमाले नाई म्हनता येत ते," चाची म्हणाली. "वावर तुमचं, बी तुमचं, हुकूम तुमचा. तुमी म्हना. तुमी म्हना अन् आमी टाकतो."

बाबांनी चूळ भरली. ती बराच वेळ तोंडात ठेवली. समोर वावर नव्हतं, पेरणीचा दिवस नव्हता, नुसती पायरी होती. पण त्यांना तो दिवस दिसत असावा: अनवाणी पाय, फोडलेला नारळ, आणि पहिल्या फुलीवर तो शब्द, स्वतःच्या तोंडून. अंधश्रद्धा हा शब्द त्यांनी त्या वेळी काढला नाही. चूळ टाकली आणि म्हणाले, "निमी म्हनन. ते शिकेल आहे."

अशा रीतीनं टोळी राहिली. मी तो शब्द म्हणायला तयार आहे की नाही, हे मला कोणी विचारलं नाही. आई लावणीच्या सकाळी माझ्या कपाळाला काजळाचं बोट लावून गेली. मी रांगेच्या पुढे उलट्या पावलांनी, बायांकडे तोंड करून चालायचे. "एक." बारा हात खाली जायचे. एक पाऊल. "एक." बारा हात. पहिले काही तास माझा आवाज नीट निघत नव्हता. मग निघायला लागला. त्या शब्दाला चाल नाही. दोनला आहे, आठला आहे, त्याला नाही. तो म्हटला की संपतो आणि पुन्हा सुरुवातीपासून म्हणावा लागतो. बायांना मला चिडवायचं होतं, पण टोपणनाव ठेवायचं तर तो शब्द तोंडातून काढावा लागला असता, म्हणून ते राहिलं. कमलाबाईनं प्रयत्न केला. "हिच्या लगनात सासू इचारन, पोरी, पोट्टे किती पाह्यजे," ती म्हणाली, "तं हे म्हनन..." आणि थांबली.

"काय म्हनन?" चाचीनं विचारलं.

"जाऊ दे," कमलाबाई म्हणाली, आणि सगळी रांग हसली.

किती वेळा म्हटलं ते मी मोजलं नाही. पहिल्या दिवशी संध्याकाळी घसा खरखरत होता, आईनं हळद घालून दूध दिलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आवाज पातळ होत गेला. बी बरोबर पुरत होतं. पाकिटं आणि उरलेले तास यांचा मेळ बसत होता. वारा सुटला होता, जमिनीची ओल वरून जायला लागली होती, आणि बाबा धुऱ्यावर उभे राहून आभाळाकडे, मग मातीकडे, मग आभाळाकडे पाहत होते. उद्यावर टाकलं असतं तर राहिलेलं बी कोरड्यात गेलं असतं. नाल्याकडची पट्टी सुरू केली आणि तिसऱ्या फुलीवर मी तोंड उघडलं तर नुसती हवा आली. पुन्हा उघडलं. काहीच नाही.

बारा हात वरच राहिले. प्रत्येकीच्या चिमटीत एक बी होतं. चाचीनं माझ्याकडे पाहिलं, मग धुऱ्याकडे.

"काय झालं?" बाबांनी तिथून विचारलं.

मी गळ्याला हात लावून दाखवला.

"म्हना ना मंग कोनी," ते म्हणाले. "वापसा जाऊन राह्यला."

बाया उभ्या होत्या. कमलाबाईनं दुसऱ्या हातानं पदर नीट केला. बाबांनी एकदा आभाळाकडे पाहिलं. मग ते धुऱ्यावरून खाली उतरले, मऊ मातीत पाय रुतवत रांगेपुढे आले, मला दंडाला धरून बाजूला केलं आणि माझ्या जागी उभे राहिले. खाली पाहून, कोणाला तरी खासगीत सांगावं तसे, म्हणाले, "एक."

फक्त चाचीचा आणि तिच्या शेजारणीचा हात खाली गेला.

"जोरानं म्हना भाऊ," चाची म्हणाली. "तिकडच्या बायायले आयकू नाई आलं."